कसब्याच्या गच्चीवरची परवीन

आमच्या आठवीच्या वर्गाच्या हजेरीपटावर दोन परवीन आहेत, एक सुरैया, एक तारिक आणि एक सुहैल. गेल्या वर्षी सप्टेंबरात उर्दूच्या तासाला नावांचे अर्थ चालले होते. मागच्या बाकावरची परवीन उठली आणि म्हणाली, "टीचर, परवीन म्हणजे काय?"

आम्ही सांगितले की परवीन हा फारसी शब्द आणि सुरैया हा अरबी. दोन्ही एकाच तारकागुच्छाची नावे. मराठीत त्यालाच कृत्तिका म्हणतात. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मग कुठे दिसतो? दाखवा ना."

"थंडीत दाखवू, इन्शाअल्लाह," असे आम्ही बोलून गेलो. शिक्षकाने वर्गात दिलेला शब्द शिक्षक विसरतो, मुले विसरत नाहीत. त्यातून या परवीनच्या घरच्यांनी कोंढव्यात घर घेतले होते. वार्षिक परीक्षेनंतर ती शाळा सोडून जाणार होती. म्हणजे आमच्या हातात एकच हिवाळा होता.

आम्ही राहतो कसबा पेठेत. पुण्याची ही सर्वांत जुनी वस्ती. एका अंगाला ग्रामदैवत कसबा गणपती, दुसऱ्या अंगाला धाकट्या आणि थोरल्या शेखसल्ल्यांचे दर्गे. तांबट आळीतून आजही तांब्यावर पडणारे हातोडीचे ठोके ऐकू येतात. कागदीपुऱ्यात पेशवाईच्या काळात मुसलमान कागदी कुटुंबे हातकागद बनवीत. आता मोहल्ल्याचे नाव तेवढे उरले आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून पेठेच्या पोटातून भुयारी मेट्रोही धावते. जुने वाडे पडत आहेत आणि त्यांच्या जागी पाच-सहा मजली इमारती उभ्या राहत आहेत. आमचा वाडा अजून उभा आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर एक लहानशी गच्ची आहे. कपडे वाळत घालायला, पापड घालायला आणि ईदचा चाँद पाहायला ती पुरते. आमचे सासरे हयात होते तेव्हा दरवर्षी एकोणतिसाव्या रोजाला मगरिबनंतर ते त्याच गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून उभे असत.

ऑक्टोबरात एका रात्री आम्ही सगळे कृत्तिका शोधायला गच्चीवर गेलो. सगळे म्हणजे आम्ही, मुलांचे अब्बू, अकरावीतली लेक, सहावीतला मुलगा आणि सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी. आकाश काळे नव्हतेच. ताकात थोडी राख कालवावी तसा त्याचा रंग होता. रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या, बांधकामावरचे हॅलोजन, पलीकडच्या इमारतीच्या जिन्यातले दिवे. पूर्वेकडे कृत्तिका उगवलेली असणार हे मोबाइलमधले स्टेलेरियम सांगत होते. डोळ्यांना तिथे फक्त एक धुरकट ठिपका जाणवत होता, तोही नजर जरा बाजूला वळवली तर.

यामागचे कारण मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. तारे कुठे गेलेले नसतात. आपल्या दिव्यांचा जो प्रकाश वर जातो, तो धुळीवर, धुरावर आणि दमट हवेवर पडून चहूकडे पसरतो. तारा आहे तेवढाच तेजस्वी राहतो, पण त्याच्यामागचे आकाश उजळते. दिवसा वर्गातली पणती दिसत नाही, तसेच हे. आकाशाचा काळोख मोजण्यासाठी जॉन बॉर्टल या अमेरिकी निरीक्षकाने २००१ मध्ये १ ते ९ अशी एक पट्टी मांडली. १ म्हणजे निबिड काळोख. मोठ्या शहराचा मध्यभाग ८ किंवा ९ मध्ये पडतो. आमचा कसबा त्यातच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जुन्नरला मामूंकडे गेलो. मामूंचे शेत गावाबाहेर आहे. त्या भागात नुसत्या डोळ्यांना जे दिसते ते पाहिले की आयुकाने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुण्यात न ठेवता सुमारे ऐंशी किलोमीटरवर गिरवलीच्या डोंगरावर का नेली, हे वेगळे सांगावे लागत नाही. २००६ पासून ती तिथे आहे. शेताच्या बांधावर उभे राहून आमच्या मुलाने कृत्तिकेचे सहा तारे मोजले. लेक सात म्हणाली. तिच्यामागोमाग तांबूस रोहिणी वर आली होती. अरबीत तिचे नाव दबरान, म्हणजे मागून येणारी. हे नाव आम्ही कितीदा तरी वाचले होते. त्या रात्री ते प्रथम कळले.

परतताना एसटीत मात्र आम्ही गप्प होतो. वर्गातल्या मुलींना इथे आणायचे कसे? गाडी होईल, शाळेची परवानगीही मिळेल. पण आठवीतल्या मुलीला रात्री ऐंशी किलोमीटरवर पाठवायला कोणती अम्मी तयार होईल? आम्ही आमच्या लेकीला पाठवू का, असे कुणी विचारले तर उत्तर देताना आमचीही जीभ अडखळेल. जे काही दाखवायचे ते कसब्यातूनच दाखवायला हवे, हे तिथेच ठरले.

इथे आम्ही पहिली चूक केली. भिशीचे पैसे लागले होते. त्यातले नऊ हजार रुपये देऊन आम्ही एक दुर्बीण मागवली. खोक्यावर तेजोमेघांची रंगीत चित्रे होती आणि '५२५ पट मोठे दिसेल' असे छापले होते. दुर्बिणीची भिंग होती साठ मिलिमीटर व्यासाची. पुढे आम्हाला कळले की व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे इथे १२० पट, ही उपयोगाची मर्यादा. त्यापुढे चित्र मोठे होते, पण नुसते पुसट होत जाते. त्याहून वाईट होते तिचे तिकाटणे. हात लावला की तारा नाचायचा, आणि हात काढला तरी बराच वेळ नाचत राहायचा. चंद्र छान दिसला, एवढे खरे. त्यावर मोबाइल टेकवून कृत्तिकेचा फोटो काढण्याचा प्रयत्न केला तर हाती काळपट पडदा आला. फ्रिजसाठी ठेवलेले पैसे गेले म्हणून अम्मी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "इत्ते पैसे, आसमान देखने को?"

मग आम्ही आधी करायला हवे होते ते नंतर केले. टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे कार्यालय आहे. १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ही हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. तिथे भेटलेल्या एका अनुभवी गृहस्थांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "फोटो कुठून काढणार, कशाचा काढणार आणि किती रात्री देणार?" कोणती दुर्बीण घ्यावी हे आम्ही विचारत होतो. ते म्हणाले, "दुर्बीण सर्वांत शेवटी. आधी न हलणारी बैठक, मग कॅमेरा, मग भिंग."

त्यांनी समजावलेले गणित आम्हाला पटले, म्हणून वाचकांनाही सांगतो. शहरात एकच लांब एक्स्पोजर दिले, समजा दोन मिनिटांचे, तर तारा उमटण्याआधी आकाशाचा उजेडच सगळा फोटो भरून टाकतो. त्याऐवजी तीन-चार सेकंदांचे शेकडो फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे. ताऱ्याचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो. कॅमेऱ्याची रवाळ खरखर मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या जागी असते, त्यामुळे सरासरी काढताना ती मिटत जाते. किती मिटते, तर फोटोंच्या संख्येच्या वर्गमूळाइतकी. १०० फोटो घेतले तर खरखर दहापट कमी, ४०० घेतले तर वीसपट कमी. आकाशाचा पसरलेला उजेड शिल्लक राहतो, पण तो बऱ्यापैकी सारखा असल्याने संगणकावर वजा करता येतो. हे बेरीज-वजाबाकी करणारे डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल हे दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात.

मग आम्ही काय घेतले? वापरलेला डीएसएलआर कॅमेरा चौदा हजारांना. वापरलेली ५० मिलिमीटरची एफ १.८ भिंग साडेपाच हजारांना. जड तिकाटणे बावीसशेला. बटण न दाबता ओळीने फोटो काढणारा टायमर रिमोट सातशेला. एकूण बावीस हजार चारशे. भिशीतले उरलेले पैसे आणि मुलांच्या अब्बूंचा दिवाळी बोनस त्यात गेला. तुमच्या घरी कुणी लग्नाचे फोटो काढणारा भाचा-पुतण्या असेल, तर त्याचा जुना कॅमेरा दोन रात्रींसाठी मागून घ्या, पैसे खर्चायची घाई करू नका. पन्नास हजारांच्या पुढे आता स्वतः तारा शोधणाऱ्या, स्वतः फोटो जोडून मोबाइलवर दाखवणाऱ्या लहान स्वयंचलित दुर्बिणीही मिळतात. एखाद्या शाळेने वर्गणी काढून ती घ्यावी, असे आम्हाला वाटते. एका घराला ती जड आहे.

शहरी आकाशासाठीच्या फिल्टरबद्दलही आम्ही चौकशी केली. मृगातल्या तेजोमेघासारखे वायूचे ढग ठरावीक रंगांतच उजळतात. तेवढे रंग आत घेऊन बाकीचे अडवणारा फिल्टर तिथे फार कामाचा. पण कृत्तिकेचे तारे आणि दूरच्या दीर्घिका सगळ्याच रंगांत उजळतात. तिथे फिल्टर दिव्यांबरोबर ताऱ्यांनाही अडवतो. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश मुख्यतः एकाच रंगपट्ट्यातला असे. तो वेगळा काढणे सोपे होते. आताच्या पांढऱ्या एलईडीत सगळे रंग मिसळलेले असतात. त्यामुळे फिल्टरचे पैसे आम्ही वाचवले.

वाचवता न येणारी गोष्ट म्हणजे दिशा. शहरात क्षितिजाजवळचे आकाश सर्वांत वाईट आणि डोक्यावरचे सर्वांत बरे, कारण सरळ वर पाहताना मध्ये कमी हवा आणि कमी धूळ येते. इथे पुणेकरांचे नशीब चांगले आहे. कृत्तिका पुण्यात जवळजवळ माथ्यावरून जाते, बरोबर डोक्यापासून फक्त पाच-सहा अंश हटून. जानेवारीच्या मध्यावर रात्री पावणेनऊच्या सुमारास ती तिथे असते. म्हणजे ईशाची नमाज पढून, जेवण आटोपून वर गेले की काम सुरू.

पहिल्या रात्री आम्ही दोनशे फोटो काढले आणि दोनशेही अस्पष्ट निघाले. भिंगेवरच्या 'अनंत' खुणेवर आम्ही विश्वास ठेवला होता. दुसऱ्या रात्री लेकीने व्याध, म्हणजे अरबीतला शिअरा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहापट मोठा केला, तो टाचणीएवढा होईपर्यंत कडे फिरवले आणि मग त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. त्या रात्री पावणेदहाला शेजारच्या काकूंनी खालून हाक मारली, "अहो टीचर, रोज रात्री कॅमेरा कुणाकडे लावता?" प्रश्न रास्त होता. दाटीच्या वस्तीत गच्चीवर कॅमेरा दिसला की शंका येणारच. आम्ही त्यांना वर बोलावले, कॅमेऱ्याचे तोंड सरळ आभाळाकडे आहे हे दाखवले आणि पडद्यावरची कृत्तिका दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या जिन्यातला दिवा त्रास देतो का हो?" तो देतच होता. त्या दिवसापासून नऊ ते दहा तो बंद असतो. आमच्या सगळ्या साधनांत हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी ठरले. पुढच्या आठवड्यात काकूंच्या घरची तिळाची वडी कॅमेऱ्याशेजारी आली.

तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ द्यायचा असेल तर कॅमेऱ्याने ताऱ्यांबरोबर फिरायला हवे, नाहीतर ठिपक्यांच्या रेघा होतात. बाजारातले फिरणारे यंत्र तीस-चाळीस हजारांच्या घरात. पण जॉर्ज हेग यांनी १९७५ मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली होती. दोन फळ्या, मध्ये बिजागरी आणि फळ्या हळूहळू उघडणारा एक आटे पाडलेला दांडा. आटा एक मिलिमीटरचा असेल आणि दांडा बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर असेल, तर मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी पृथ्वीच्याच गतीने उघडते. मुलांच्या अब्बूंनी प्लायवूडच्या तुकड्यांतून ती बनवली. दांडा फिरवायला चाक हवे होते. तांबट आळीतल्या एका ओळखीच्या कारागिराने पत्र्याच्या कातरणातून तांब्याची गोल चकती कापून दिली आणि तिच्यावर बारा खुणा ठोकून दिल्या. दर पाच सेकंदांना एक खूण पुढे. पैसे विचारले तर म्हणाला, "फोटो दाखवा, तेच पैसे."

बिजागरी ध्रुवताऱ्याकडे रोखावी लागते. पुण्यात ध्रुव उत्तरेला फक्त साडेअठरा अंश उंच असतो. छत्तीस मीटरवरची इमारत आपल्या गच्चीहून बारा मीटर उंच असली की तो झाकला जातो. आमच्या उत्तरेला नेमकी तशीच नवी इमारत आहे. मग साडेअठरा अंशांची लाकडी पाचर केली आणि दिशा होकायंत्रावरून घेतली. पुण्यात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत किरकोळच फरक आहे. या भिंगेला तो चालून जातो.

आता फोटोबद्दल खरे तेच सांगतो. कृत्तिकेच्या चारशे फोटोंच्या बेरजेत पन्नासच्या वर तारे उमटले. ज्या आभाळात डोळ्यांना धुरकट ठिपका दिसत होता, त्याच आभाळात. मोठ्या छायाचित्रांत या ताऱ्यांभोवती जो निळसर धुक्याचा पदर दिसतो तो मात्र आला नाही; कसब्यातून तो फार कठीण आहे. फळीवरून काढलेल्या फोटोंत मृगातला तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूरचा, गुलाबी डागासारखा आला. देवयानी दीर्घिका म्हणजे नुसती फिकट लांबट फुंकर. तिचा प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. ९६४ साली अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी आपल्या तारकाग्रंथात तिची नोंद 'लहानसा ढग' अशी केली होती, दुर्बिणीचा शोध लागण्याच्या साडेसहाशे वर्षे आधी. आमच्या लेकीने पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, आपल्याकडे अंधार नाही."

फोटो छापून वर्गात नेला. परवीनने तो दोन्ही हातांत धरला आणि विचारले, "एवढे सगळे मिळून परवीन?" मग बाकावर बसून तिने तारे मोजायला घेतले. सुरैयाने अर्धा हक्क मागितला. फोटो खरा का, की इंटरनेटवरून घेतला, अशी शंका तारिकने काढली. ती योग्यच होती, म्हणून आम्ही त्याला चारशेपैकी एक मूळ फोटो दाखवला, राखाडी, जेमतेम सात-आठ ठिपक्यांचा.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ईशानंतर आठ मुली आमच्या गच्चीवर आल्या, आपापल्या अम्मींसह. एकीच्या मामांकडून आणलेली १०×५० ची द्विनेत्री होती. तिच्यातून कृत्तिका शहरातही सुरेख दिसते. फोटोच्या भानगडीत पडायचे नसेल तर तेवढी पुरे. कॅमेऱ्याचा फायदा एवढाच की ज्या मुली येऊ शकल्या नाहीत त्यांच्यापर्यंत आभाळ पोचते. आमच्या अम्मींनी सगळ्यांना चहा केला. फ्रिज अजून आलेला नाही, आणि हे त्यांनी पाहुण्यांना दोनदा सांगितले. पण जाताना परवीनच्या अम्मीला फोटोची एक प्रत त्यांनीच काढून दिली.

परवीन आता कोंढव्यात आहे. जाण्याआधी तिने विचारले होते, "तिथल्या गच्चीवरून दिसेल?" आम्ही तिला लिहून दिले: हिवाळ्यात ईशानंतर वर जा, जवळचे दिवे बंद करायला सांग, दहा-पंधरा मिनिटे मोबाइल पाहू नको, मग सरळ डोक्यावर बघ.

राहिला आहे तो सुहैल. मराठीत ज्याला अगस्ती म्हणतात तो हा तारा दक्षिणेला फार वर चढत नाही. उत्तरेला जेवढा ध्रुव, जवळजवळ तेवढाच, एकोणीस अंशांच्या आत. आमच्या गच्चीवरून दक्षिणेला बरोबर त्या उंचीवर पाण्याची टाकी येते. काकूंची गच्ची आमच्याहून एक मजला उंच आहे. फेब्रुवारीत तिथे तिकाटणे लावायचे ठरले आहे. सुहैलला आम्ही तसे सांगितले आहे आणि यावेळी हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवले आहे.